चोविसावं बटण

सोमवार, ५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पोचल्याचं पत्र मिळालं. त्या डोंगरावरच्या तळावर फोनला रेंज नाही आणि टपालाची जीप मंगळवारी नि शुक्रवारीच वर येते, हे वाचून आधी कपाळाला हात लावला. मग म्हटलं, बरंच झालं. फोनवर तू मला बोलू दिलं असतंस थोडंच! पत्रात मी बोलतोय आणि तू मुकाट्याने ऐकतेयस, असं आपल्या जन्मात पहिल्यांदाच होतंय.

भिंगरी मजेत आहे. सकाळी मी दाढी करतो तेव्हा ती उपड्या बादलीवर उभी राहून माझी मिशी दोन्हीकडे सारखी कापली गेली का ते तपासते. शाळा सुटली की थेट दुकानात. कापायच्या टेबलाखाली तिने घर मांडलंय. तिथे चिंध्यांच्या सहा मुली राहतात आणि सगळ्यांच्या आया क्रेन चालवतात. पाच वर्षांची पोर एका सड्याफटिंग शिंप्याच्या गळ्यात मारून ही बाई क्रेन शिकायला निघाली, असं म्हणून ज्यांनी ज्यांनी नाकं मुरडली, त्यांना एकदा बोलावून हे घर दाखवणार आहे.

थोडी सर्दी झालीय तिला. तीसुद्धा अर्धीच. डावी नाकपुडी वाहते आणि उजवी ठणठणीत कोरडी. हा काटकसरीपणा तिच्या बापाचा. जावईबापूंना बोटीवर पत्र धाडशील तेव्हा एवढं वाक्य गाळ.

दुकानात सध्या गाण्याच्या बाईंचा झगा चालू आहे. पंचवीस तारखेला त्यांचा कार्यक्रम आहे. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चोवीस मोतिया बटणं, वाटाण्याएवढी. बाईंनी आपल्या आईच्या झग्याची जपून ठेवलेली, बाजारात आता तसली मिळत नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी मी डबी ओततो आणि मोजतो. चोवीस म्हणजे चोवीस. काजकाकू तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. बावीस वर्षं माझ्याकडे बसून काजं करतायत, पण मास्तरांची मोजणी चुकली असं त्यांना एकदा तरी म्हणता आलंय का?

भिंगरीचा हट्ट सध्या एकच आहे. फ्रॉकला खिसा पाहिजे. रोज विचारते. मी सांगितलंय, झगा झाला की खिसा. गिऱ्हाईक आधी, घरचे मग.

तू मन लावून शीक. इथे सगळं टाक्यात आहे. मायेचा दोरा असाच पुरवत राहा.

तुझा,
दादा


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

मुकाट्याने ऐकलं, आता तू ऐक. क्रेनच्या केबिनपर्यंत शिडीला दोनशे बारा पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी मी दीडशेव्या पायरीवर थांबून तुला, क्रेनला आणि स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. आता थांबत नाही. वर गेलं की खालची माणसं मुंग्यांसारखी दिसतात आणि सगळ्या मुंग्या मलाच हात करून काहीतरी सांगत असतात.

आमचे वस्ताद म्हणजे एक नग आहे. हुकाला काठोकाठ भरलेली पाण्याची बादली अडकवायची, ती अख्ख्या नदीवरून पलीकडे न्यायची आणि जमिनीवरच्या खडूच्या गोलात ठेवायची. थेंब सांडता कामा नये. परवा मी ती बादली बरोब्बर नेली आणि शेवटच्या वितीला सगळी वस्तादांच्या बुटांत ओतली. सोळा जणांत मी एकटी बाई, त्यामुळे पंधरा जण मनसोक्त हसले. वस्ताद बूट पिळत एवढंच म्हणाले, की हात घाबरला की बादलीला कळतं.

सत्तावीस तारखेला ह्याच बादलीची परीक्षा आहे. पास झाले की पुढच्या महिन्यात पुलाचे खरे गर्डर उचलायला मिळतील. मध्ये दोन दिवस गैरहजर राहिलं तर नाव कापतात आणि पुन्हा नंबर लागायला वर्ष जातं. हे तुला सांगून ठेवते, पण त्याचं दडपण घेऊ नकोस. भिंगरीपुढे क्रेन काय नि बीन काय. तिला काही झालं तर मी दोनशे बारा पायऱ्या एका दमात उतरेन.

सर्दी अर्धी असो की अख्खी, अंगावर काढू देऊ नकोस. तुला दवाखान्याचा कंटाळा आहे हे मला माहीत आहे. तुझ्या दाढेचं काय झालं ते मी विसरलेले नाही. आणि तिला खिसा शिवून दे रे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मी नाही म्हणून तिच्या पाप्या तूच घे. मिशी टोचते म्हणेल, तरी घे. आम्हा दोघींवर जीव आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर सांडेल.

तुझी,
धाकटी


रविवार, १८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

भिंगरी आत्ता झोपलीय आणि ताप शंभरावर आहे. घाबरण्यासारखं काही नाही असं लिहायला बसलो होतो, पण तुझ्याशी खोटं बोलायला मला कधी जमलेलं नाही.

सर्दी गेलीच नाही. आठ दिवसांत तिच्या तोंडाला घाण वास यायला लागला. दिवसातून तीनदा दात घासून घेतले, उपयोग शून्य. काल सकाळी उठली ती नाकातून रक्त आणि अंग तव्यासारखं. हातातली कात्री टाकली, तिला खांद्यावर घेतलं आणि मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलो. बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच होतं, ते तिथे गेल्यावर कळलं.

नऊला पोचलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, मुलीचे कोण. मामा म्हटलं. आई? डोंगरावर. वडील? समुद्रात. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोर पळवून आणलीय. फॉर्मवर पालकाची सही पाहिजे म्हणाला. मग कुणाला तरी विचारून आला आणि सही घेतली, पण शेजारी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह मी पाच तास बघत बसलो. भिंगरीने माझ्या मांडीवर समोरच्या भिंतीच्या फरशा मोजल्या, मग झोपली, मग उठून पुन्हा मोजल्या. मोजायची सवय चांगली लावलीय मी तिला.

सव्वादोनला डॉक्टर आला. तरणा पोरगा, डोळे लाल, आदल्या दिवसापासून घरी गेला नसावा. घशात दिवा मारला, छाती ऐकली, दोन-चार खुळे प्रश्न विचारले, नाकाशी दिवा सर्रकन फिरवला आणि सर्दी-तापच आहे म्हणाला. तापाचं औषध, नाकात घालायचे थेंब. सगळं मिळून चार मिनिटं. मी वासाचं सांगत होतो तर म्हणाला, की पुढच्या वेळी आईला घेऊन या, आईला नेमकं ठाऊक असतं.

धाकटे, मला रडू आलं. पन्नाशीच्या माणसाला, भर हॉस्पिटलात. पोरीने माझे डोळे फ्रॉकने पुसले आणि मला सांगितलं, की मामा, फरशा एकशे आठ आहेत.

तू ये असं मी म्हणणार नाही. येऊ नकोस म्हणायलाही जीभ उचलत नाही. तुझी ठेव सांभाळायला घेतली आणि मला ती सांभाळता येईना, असं झालंय.

आम्हाला पदरात घेत राहा.

दादा


मंगळवार, २० फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

जीपवाला हॉर्न वाजवतोय, थोडक्यात लिहिते. आज जीपमध्ये जागा नाही. शुक्रवारी मी येतेय. वस्तादांना सांगितलं. नाव कापतील, कापू देत. ते रिकामी बादली घेऊन निघून गेले.

तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस. पाच तास बसलास, मी तिसऱ्या तासाला खिडकी फोडली असती. पण एक गोष्ट मनात टोचतेय. डॉक्टरने खुळे प्रश्न विचारले लिहिलंस, कुठले ते लिहिलं नाहीस. दाढेच्या वेळीही डॉक्टरचं म्हणणं तू असंच गाळून सांगितलं होतंस. त्याने विचारलं काय, आणि तू सांगितलंस काय? अक्षरन् अक्षर आठव.

माझ्या बाळाला उराशी धरून ठेव. मी आलेच.

धाकटी


गुरुवार, २२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
काजकाकूचा खूप खूप आशीर्वाद.

बाई, आधी हे वाच आणि मग मास्तरांचं. जीपमध्ये बसू नकोस. पोरगी बरी आहे. आत्ता टेबलाखाली सहा मुलींना औषध पाजतेय आणि एकीने थुंकलं म्हणून तिला रागावतेय.

सगळ्या घोळाचं मूळ मी आहे ते माझ्या हाताने लिहिते म्हणजे मास्तर सगळं स्वतःवर घेणार नाहीत. दोन तारखेला दुपारी डबीत तेवीसच बटणं होती. मी सगळं दुकान झाडलं, मशीनखाली पाहिलं, सापडलं नाही. तुझा दादा संध्याकाळी मोजणार आणि घर डोक्यावर घेणार, हे का मला नवीन आहे? तू लहान असताना सुईचं पाकीट हरवलं होतं तेव्हा आठ दिवस जेवला नव्हता धड. तर माझ्या जुन्या स्वेटरचं तसंच दिसणारं मोतिया बटण होतं ते तोडलं आणि डबीत टाकलं. चोवीस भरले. मास्तर खूश, मी खूश. ते रोज मोजायचे आणि मी पदर लावून हसायचे ते त्यासाठी. आता हसू येत नाही बाई. पोरीला एवढा त्रास झाला तो माझ्या शहाणपणापायी.

शिक्षा म्हणून मास्तर मला रागावलेसुद्धा नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, की काकू, चहा टाका.

मला माफ कर आणि होती तशीच माया ठेव, माझं आता कोण आहे तुमच्याशिवाय.

काजकाकू


गुरुवार, २२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी आलं. अक्षरन् अक्षर आठव म्हणालीस. आठवायची गरज नव्हती, मी लपवलं होतं.

डॉक्टरने भिंगरीला विचारलं होतं, की नाकात काही घातलंस का. तिला विचारलं होतं. उत्तर मी दिलं. आमच्या दुकानात वस्तू जिथल्या तिथे असते, मी रोज संध्याकाळी बटणन् बटण मोजतो, ते इतर घरांत होत असेल. असं ताडताड बोललो. आधीच ते लाल प्रश्नचिन्ह डोक्यात बसलेलं, त्यात हा मला निष्काळजी म्हणतोय असं वाटलं. पोरगी तोंड उघडत होती, माझा आवाज ऐकून मिटलं. डॉक्टर चार मिनिटांत उठला तो थोडा माझ्यामुळेही. हे मी तुला लिहिलं नाही. लाज वाटली.

तर काल तुला ठणकावून उत्तर द्यायचं म्हणून डबी ओतली. सहा शिवायची राहिली होती, अठरा झग्यावर. ह्या वेळी मोजली नाहीत, एकेक उलटून पाहिली. पाच बटणांच्या पाठीला पितळी कडी आणि सहाव्याच्या पाठीला प्लॅस्टिकची. काकूंकडे पाहिलं, तर त्यांच्या हातातली सुई थांबलेली. मग सगळं एका क्षणात लख्ख झालं. अर्धी सर्दी, एका नाकपुडीची, तो वास. भिंगरीला जवळ घेतलं आणि विचारलं, आणि ह्या वेळी तोंड बंद ठेवलं. तिने डाव्या नाकपुडीवर बोट ठेवलं.

पुन्हा हॉस्पिटल. ड्यूटीवर तोच डॉक्टर. मी सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं, की शनिवारी तुम्ही बरोबर विचारलं होतंत आणि मी चुकीचं उत्तर दिलं. तो गडबडलाच. म्हणाला, की उत्तर काहीही येवो, नाकात नीट बघायचं काम माझं होतं. आम्हाला लगेच आत घेतलं. दिवा धरला तर खोल आत पांढरं काहीतरी चमकलं. पण चिमटा पुढे केला की भिंगरी अशी किंचाळायची, की बाहेरची रांग उठून उभी राहायची.

तिथे एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या म्हणाल्या, आधी फुंकर घालून बघू. म्हणजे असं, की मोठ्या माणसाने मुलाच्या तोंडाला तोंड लावायचं, मोकळी नाकपुडी बोटाने दाबायची आणि एकाच झटक्यात फुंकायचं. आतली वस्तू बाहेर पडते. हे आईने करायचं असतं, आई कुठाय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, क्रेनवर आहे. मनात म्हटलं, आलं पुन्हा प्रश्नचिन्ह. तर सिस्टर भिंगरीकडे वळून म्हणाल्या, की मग बाळ, तू कुणासाठी तोंड उघडशील?

धाकटे, तिने माझ्याकडे पाहिलं आणि एवढा मोठा आ केला.

पहिल्या फुंकरीला काही झालं नाही. माझी मिशी टोचली आणि ती खदाखदा हसायला लागली. सिस्टर हसल्या, डॉक्टर हसला, मीही. सिस्टरांनी सगळ्यांना दटावून गप्प केलं. दुसऱ्या फुंकरीला टप्प करून बटण सुटलं, ते डॉक्टरच्या खिशावर आपटून खालच्या ट्रेमध्ये टणटणत पडलं. भिंगरीने वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, चोवीस.

डॉक्टरांनी पुन्हा आत पाहून घेतलं, दुसरं काही नाही. जखमेसाठी पाच दिवसांचं औषध आहे. आज सकाळी ताप नाही. वासही कमी झालाय. घरी येताना विचारलं, की बाई, नाकातच का? तर म्हणाली, ते बटण आईला द्यायचं होतं, क्रेनच्या खोलीत लावायला. आणि मग माझ्याकडे बघून, माझीच चूक असल्यासारखं म्हणाली, ‘खिसा नव्हता ना.’

रात्रीचं जेवण नंतर, गाण्याच्या बाई नंतर, आधी खिसा शिवला. एक नाही, प्रत्येक फ्रॉकला दोन. आज बाईंना जाऊन खरं काय ते सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. काकूंचं स्वेटरचं बटण सगळ्यात खाली लावून चालेल म्हणाल्या, आणि हे पोरीला ठेवू द्या. तेव्हा ते धुऊन, उकळून ह्या पाकिटात घातलंय. ज्याचं त्याला पोचलं.

आता तू ठरव. यायचं असेल तर ये, दार उघडंच आहे. पण ह्या वेळी जीभ उचलतेय म्हणून सांगतो, की येऊ नकोस. बादली पलीकडे ने.

तुझा भरवसा शिल्लक असेल तेवढा पाठव, नसेल तर थोडा उसना दे.

दादा


शुक्रवार, १ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

गेल्या शुक्रवारी तुमची दोन्ही पत्रं आली तेव्हा मी ट्रंकेवर बसून जीपचीच वाट बघत होते. आधी काकूंचं वाचलं, मग तुझं, मग पाकीट झटकलं तर बटण हातात पडलं. मी हसत होते की रडत होते ते जीपवाल्याला कळेना. त्याने ट्रंक चढवायला उचलली होती, ती गुपचूप खाली ठेवली. वस्ताद लांबून बघत होते. मी उठले तेव्हा त्यांनी नळाखाली बादली भरायला लावलेली होती.

मंगळवारी परीक्षा झाली. बटण दोऱ्यात ओवून केबिनच्या काचेला टांगलं होतं. वाऱ्याने बादली हलायच्या आधी बटण हलायचं, त्यामुळे मला एक क्षण अगोदर कळायचं. नदी ओलांडली. शेवटच्या वितीला हात घाबरणार तेवढ्यात भिंगरीचा तो आ आठवला. बादली गोलात बसली. वस्तादांनी वाकून जमीन चाचपली, कोरडी. मग स्वतःच ती बादली उचलून आपल्या बुटांत ओतली, म्हणाले सवय झालीय. पंधरा जणांनी टाळ्या वाजवल्या. मी पास झाले, दादा.

काकूंना सांग, बावीस वर्षांत एक बटण इकडचं तिकडे, त्याला माफी लागत नाही. मात्र इथून पुढे हरवलं की ओरडायचं, आणि तू ते ऐकून जेवायचंस. तुला वेगळं काय सांगू? तू चुकलास, हे मला तुझ्याच पत्रातून कळलं. म्हणून तर भरवसा आहे. उसना कशाला, सगळा तुझाच घे.

सोबत एक कागद जोडलाय. इथल्या साहेबांसमोर सही करून शिक्का मारून घेतलाय. त्यात लिहिलंय, की ही मुलगी आजारी असताना कुणी आईला आणा म्हणालं, तर तिच्या मामाला पुढे करावं. त्याची सही ती माझी सही, आणि त्याच्याशेजारी लाल पेन चालवू नये.

कागदाच्या चार घड्या घालून ठेवल्यात, मुद्दाम लहान. भिंगरीच्या फ्रॉकच्या खिशात ठेव. आता खिसा आहे.

तुमची दोघांची आणि काकूंची,
धाकटी